इंजिन किती सीसीचे?

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत माझा एक जुना विद्यार्थी घरी आला. शाळेत असताना पुस्तकातल्या भौतिकशास्त्रात त्याचे लक्ष नसे, पण सायकलच्या दुकानात तो तासन् तास रमे. आता तो पुण्यात नोकरी करतो. चार पैसे बाजूला पडल्यावर त्याच्या मनात एक वापरलेली स्पोर्ट्‌स मोटार घ्यायचे आले आहे. चहा होईपर्यंत त्याने खिशातून कागद काढला. मोटार एकच, पण तिचे दोन प्रकार बाजारात मिळत होते. एकात १९८४ सीसीचे टर्बो लावलेले इंजिन, दुसऱ्यात ३१८९ सीसीचे टर्बो नसलेले. दुसरीची किंमत बरीच जास्त होती. तो म्हणाला, ‘‘सर, पैसे साठलेत तर मोठं इंजिनच घेतलेलं बरं ना? सीसी जास्त म्हणजे ताकद जास्त.’’

त्याला उत्तर देता देता संध्याकाळ झाली. ते सगळे येथे लिहून काढतो आहे, कारण आठवी-नववीच्या वर्गात घेण्यासारखे त्यात बरेच आहे, आणि त्यासाठी आपल्या नगरच्या (आता जिल्ह्याचे नाव अहिल्यानगर झाले आहे) हद्दीबाहेर फारसे जावे लागत नाही.

सीसी म्हणजे घनसेंटिमीटर, हे मुलांना ठाऊक असते. पण कशाचे? दट्ट्या सिलिंडरमध्ये एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सरकतो तेव्हा जेवढी जागा तो झाडून काढतो, तिचे हे घनफळ. सिलिंडर अनेक असले तर सगळ्यांची बेरीज करायची. आता, इंजिनात पेट्रोल हवे तेवढे ओतता येते. अडचण हवेची असते. एक ग्रॅम पेट्रोल पूर्ण जळायला सुमारे पंधरा ग्रॅम हवा लागते, आणि एक लिटर हवेचे वजन जेमतेम १.२ ग्रॅम. म्हणजे ५० सीसी हवा ०.०६ ग्रॅमची. तिच्यात एका वेळी जळू शकणारे पेट्रोल चार मिलिग्रॅम! सीसी हा आकडा ही हवेची जागा सांगतो. पहिलवानाच्या भाषेत बोलायचे तर ते छातीच्या भात्याचे माप आहे, दंडाचे नव्हे. भाता किती भरतो आणि मिनिटाला किती वेळा भरतो, हे त्यात कोठेच नाही.

मग हाच आकडा एवढा मोठा कसा झाला? त्याचे मूळ कराच्या हिशेबात आहे.

मोटारी नव्या होत्या तेव्हा इंग्लंडात इंजिनावर कर बसवायचा प्रश्न आला. प्रत्येक इंजिन तपासयंत्रावर चढवून त्याची अश्वशक्ती मोजणे शक्य नव्हते. म्हणून तेथील रॉयल ऑटोमोबाइल क्लबने एक सोपे सूत्र काढले. सिलिंडरच्या व्यासाचा इंचांत वर्ग करायचा, त्याला सिलिंडरांच्या संख्येने गुणायचे आणि २.५ ने भागायचे. आलेला आकडा ही त्या मोटारीची ‘अश्वशक्ती’. १९१० पासून कर या आकड्यावर ठरू लागला, आणि १९२१ पासून तर दर अश्वशक्तीला वर्षाला एक पौंड असा सरळ दर झाला. गंमत अशी की या सूत्रात दट्ट्याची धाव, म्हणजे तो किती लांब सरकतो, हे मुळीच येत नाही. कारखानदारांनी ही फट लगेच हेरली. व्यास लहान ठेवायचा आणि धाव वाढवायची, म्हणजे घनफळ मोठे पण कर थोडा! परिणामी ब्रिटिश इंजिने अरुंद आणि उंच झाली. धाव लांब असली की दट्ट्याला प्रत्येक फेऱ्यात जास्त अंतर कापावे लागते, त्यामुळे फेऱ्यांची गती फार वाढवता येत नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर ही करपद्धत गेली, पण वळण लगेच गेले नाही. आपल्याकडे वर्षानुवर्षे धावलेल्या अँबॅसडरचे १४८९ सीसी इंजिन घ्या. व्यास ७३ मिलिमीटर आणि धाव ८९.

या सूत्राचा ताळा नगरमध्येच करता येतो. येथे चिलखती दलाचे रणगाडा संग्रहालय आहे. ते १९९४ मध्ये सुरू झाले. शाळांच्या सहली तेथे जातात, मुले तोफांवर हात ठेवून फोटो काढतात आणि परततात. रणगाड्याच्या पोटातल्या इंजिनाबद्दल सहसा कोणी विचारत नाही, ही माझी जुनी तक्रार आहे. तेथे एक रोल्स-रॉइस चिलखती मोटार उभी आहे. तिचा सांगाडा ‘सिल्व्हर घोस्ट’ नावाने गाजलेल्या राजेशाही मोटारीचा. कारखान्याने तिला दिलेले मूळ नाव ‘४०/५० अश्वशक्ती’. सिलिंडर सहा, व्यास साडेचार इंच. सूत्रात घाला. ४.५ चा वर्ग २०.२५, गुणिले ६, भागिले २.५, उत्तर ४८.६. कर भरायला ही अठ्ठेचाळीस-एकोणपन्नास अश्वशक्तीची मोटार, पण खरी ताकद सुमारे ऐंशी. आणि हे सगळे ७४२८ सीसीमधून! आमच्या विद्यार्थ्याच्या कागदावरचे १९८४ सीसीचे इंजिन २०० अश्वशक्ती देते. घनफळ पावपट, ताकद अडीचपट. शंभर वर्षांत हवा बदललेली नाही. ती आत घेण्याची आणि जाळण्याची रीत बदलली.

आता रणगाड्यांकडून दुसऱ्या टोकाला जाऊ. नगर-दौंड रस्त्यावरच्या कायनेटिक इंजिनिअरिंगच्या कारखान्याने १९७२ मध्ये लूना बाजारात आणली. कंपनीचे संस्थापक हस्तीमल फिरोदिया. त्यांचे वडील कुंदनमल फिरोदिया हे नगरचे नामांकित वकील, पुढे मुंबई विधानसभेचे अध्यक्ष झाले. लूनाचा आराखडा इटलीतील पियाजिओ कंपनीच्या ‘चाओ’ या १९६७ च्या मोपेडवरून परवान्याने घेतलेला होता. चाओच्या सिलिंडरचा व्यास ३८.४ मिलिमीटर, धाव ४३ मिलिमीटर. वर्गात मुलांना घनफळ काढायला सांगा. ४९.८ सीसी येईल. पन्नासच्या आत, पण अगदी काठाशी.

हा काठ निसर्गाने घातलेला नाही. इटलीत पन्नास सीसीच्या आतल्या दुचाकीला त्या काळी नंबरप्लेट लागत नसे, म्हणून तेथील कारखान्यांनी पन्नासच्या आत जेवढे बसेल तेवढे इंजिन बसवले. युरोपातल्या इतर देशांतही थोड्याफार फरकाने हीच रेघ होती. हातापायांची बोटे मोजून सोयीचा वाटावा असा तो एक पूर्णांक आहे, इतकेच. पण आपल्या कायद्यातही तो येऊन बसला. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यानुसार वाहन चालवायला अठरा वर्षे पूर्ण लागतात, पण पन्नास सीसीपर्यंतची मोटारसायकल सोळाव्या वर्षी चालवता येते. अकरावीत गेलेल्या मुलाच्या घरी मोपेड येण्याचे ते एक मोठे कारण होते.

लूनाला पेडल होते. ‘मोपेड’ हा शब्दच मोटर आणि पेडल यांच्या संधीतून १९५२ मध्ये स्वीडनमध्ये घडला. चढावर इंजिनाला माणसाने पायाने साथ द्यायची, हे त्या यंत्राच्या योजनेतच धरलेले होते. माझी लूना मी वापरलेलीच घेतली होती. तेव्हा मी पारनेर तालुक्यात शिकवत असे, आणि शिक्षकांच्या खोलीबाहेर लूनांची रांग लागलेली असे. आमच्यातले एक गुरुजी जुनी १७५ सीसीची मोटारसायकल बाळगून होते. आम्ही त्यांचा हेवा करायचो, महिनाअखेरीला ते आमचा करायचे! लूना बाजारात आल्यावर वर्षभरातच, ऑक्टोबर १९७३ मध्ये, अरब देशांनी तेलाचा पुरवठा आवळला आणि जगभर पेट्रोल भडकले. त्या दिवसांत स्कूटरसाठी नाव नोंदवून वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे. अशा वेळी पन्नास सीसी हा कमीपणा राहिला नाही.

अर्थात रस्ता कोणता, हेही आहेच. नेवासे-शेवगावच्या सपाट रस्त्यावर एकट्या माणसाला पन्नास सीसी पुरतात. अकोले तालुक्यात, कळसूबाईच्या बाजूला जाणाऱ्याने, त्यातही मागे बायको आणि पुढे भाजीची पिशवी असेल तर, वेगळा हिशेब मांडावा.

आकडा आधी आणि इंजिन त्याच्या मापाने मागून, हा प्रकार संपलेला नाही. २००६ च्या अंदाजपत्रकात चार मीटरच्या आतल्या आणि १२०० सीसीपर्यंतच्या पेट्रोल मोटारींना करात सवलत मिळाली. त्यानंतर ११९७, ११९८, ११९९ अशा सीसींची इंजिने निघू लागली. मारुतीच्या स्विफ्टचे १२९८ सीसीचे इंजिन जाऊन २०१० मध्ये ११९७ सीसीचे आले. ताकदीत फरक दोन अश्वशक्तींचा. डिसेंबर २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिल्ली परिसरात २००० सीसी आणि त्यावरच्या डिझेल मोटारींची नोंदणी थांबवली, तेव्हा महिन्याभरात महिंद्र कंपनीने १.९९ लिटरचे इंजिन पुढे केले. त्याची अश्वशक्ती आधीच्या २.२ लिटरच्या इंजिनाएवढीच, १४० होती. सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या मोटारसायकलवर वस्तू व सेवा कर १८ टक्के आहे आणि त्यावरच्या मोटारसायकलवर ४० टक्के. या रेघेच्या अलीकडे काय काय जमते ते आता दिसेल.

‘‘पण सर, बाकी सगळं सारखं असेल तर?’’ विद्यार्थ्याने मध्येच विचारले. प्रश्न बरोबर होता. बाकी सगळे सारखे क्वचितच असते, हे दाखवायला मी त्याला १९८५ साल आठवायला लावले. म्हणजे मी आठवले, त्याने ऐकले. त्या एका वर्षात आपल्याकडे दोन मोटारसायकली आल्या. हिरो होंडाची सीडी १०० आणि यामाहाची आरएक्स १००. पहिलीचे इंजिन ९७ सीसी, दुसरीचे ९८. पहिली सुमारे साडेसात अश्वशक्तीची, दुसरी अकरा. कारण सीडी चार धावांची होती, म्हणजे तिच्या सिलिंडरमध्ये क्रँकच्या दोन फेऱ्यांत एकदा ज्वलन होई. आरएक्स दोन धावांची. तिच्यात प्रत्येक फेऱ्याला. मग ताकद दुप्पट का नाही? दोन धावांच्या इंजिनात ताजे मिश्रण आत येताना त्यातले काही न जळताच धुराबरोबर बाहेर निसटते. त्याचे पैसे पेट्रोलपंपावर मोजावे लागतात आणि त्याचा वास मागून येणाऱ्याला येतो. प्रदूषणाचे नियम कडक होऊ लागले तसे १९९६ मध्ये आरएक्स १०० चे उत्पादन थांबले. आज तीच जुनी आरएक्स हौशी मंडळी शोधून शोधून घेतात.

एकच सीसी, ताकद निराळी, याचा याहून भारी दाखला संग्रहालयात आहे. त्याचे नाव सेंच्युरियन रणगाडा. त्याच्या पोटात रोल्स-रॉइसचे ‘मेटिऑर’ इंजिन असते: बारा सिलिंडर, २७ लिटर, म्हणजे सत्तावीस हजार सीसी. हे इंजिन नवे घडवलेले नव्हे. दुसऱ्या महायुद्धात स्पिटफायर विमानाला ओढणाऱ्या ‘मर्लिन’ इंजिनाचेच ते जमिनीवरचे भावंड. आरंभीच्या मेटिऑरमध्ये तर विमानांच्या इंजिनांतून सोडवून घेतलेले भाग वापरले होते. (वापरलेले इंजिन म्हटल्यावर नाक मुरडणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे.) व्यास तोच, धाव तीच, घनफळ तेच. पण युद्धाच्या आरंभी मर्लिन सुमारे एक हजार अश्वशक्ती देत होते आणि युद्ध संपेपर्यंत दीड हजारांच्या वर गेले; मेटिऑर मात्र ६५० वर थांबले. फरक हवेचा. मर्लिनला सुपरचार्जर होता, म्हणजे हवा दाबून सिलिंडरमध्ये कोंबणारा पंखा. उंचावर हवा विरळ असते, तेथे त्याच्याशिवाय निभावच नव्हता. दाबलेल्या हवेत अकाली स्फोट होऊ नयेत म्हणून इंधनही सुधारावे लागले. रणगाड्याला यातले काही नको होते. त्याला साध्या पेट्रोलवर, धुळीत, कमी फेऱ्यांत टिकणारे इंजिन हवे होते. म्हणून पंखा काढून टाकला. टर्बो म्हणजे हाच पंखा, फक्त तो बाहेर पडणाऱ्या गरम धुराच्या जोरावर फिरतो.

सेंच्युरियनच्या शेजारच्या पॅटन रणगाड्याचीही हकिकत यात येते. त्याचे इंजिन २९ लिटरचे, आठशेच्या वर अश्वशक्तीचे, आणि रणगाडा सेंच्युरियनपेक्षा हलका. कागदावर पॅटन वरचढ. सप्टेंबर १९६५ मध्ये पंजाबातील असल उत्तरच्या लढाईत मात्र पाणी सोडलेल्या उसाच्या शेतांत पाकिस्तानचे पॅटन रुतले आणि आपल्या तोफांच्या माऱ्यात सापडले. चाकाखाली चिखल असेल तर आठशे अश्वशक्ती चिखलच उडवते. पावसाळ्यात एसटीतून फिरणाऱ्या आपल्या मुलांना हे वेगळे समजवावे लागणार नाही.

नगरमधले तिसरे इंजिन असे आहे की त्याचे सीसी किती यावरच वाद होतो. येथील वाहन संशोधन व विकास संस्था ही डीआरडीओची प्रयोगशाळा. तिने बंगळूरच्या दोन संस्थांबरोबर ‘निशांत’ या वैमानिकरहित विमानासाठी ५५ अश्वशक्तीचे वँकेल इंजिन तयार केले, आणि २००९ मध्ये ते निशांतवर उडाले. वँकेल इंजिनात वरखाली करणारा दट्ट्याच नसतो. फुगीर बाजूंचा एक त्रिकोणी फिरता भाग अंडाकृती घरात गरगरतो आणि त्याच्या तीन बाजूंना तीन कप्पे तयार होतात. आता घनफळ एका कप्प्याचे धरायचे की तिन्हींचे? जपानच्या माझ्दा कंपनीने हे इंजिन स्पोर्ट्‌स मोटारींत घातले. तिच्या आरएक्स-७ मोटारीचे इंजिन १३०८ सीसीचे म्हणून ओळखले जाते, ते प्रत्येक फिरत्या भागाचा एकच कप्पा धरून. पण मुख्य दांड्याच्या दोन फेऱ्यांत आत येणारी हवा मोजली, तर ते चार धावांच्या २६१६ सीसी इंजिनाच्या बरोबरीचे ठरते. जपानच्या कर खात्याने मधला मार्ग काढला आणि सीसीला दीडने गुणले!

आणि ज्या नगरने पन्नास सीसी देशभर नेले, तेथूनच फेब्रुवारी २०२४ मध्ये विजेवर चालणारी ई-लूना निघाली. तिची मोटर १.२ किलोवॉटची, बॅटरी दोन किलोवॉट-तासांची. सीसी शून्य. कायद्यालाही मग नवी रेघ ओढावी लागली. २५ सीसीपर्यंतचे दुचाकी यंत्र जसे ‘मोटार वाहन’ ठरत नाही, तसे विजेच्या बाबतीत २५० वॉट आणि ताशी २५ किलोमीटरच्या आतले ठरत नाही. ई-लूना त्या रेघेच्या वर आहे.

एवढे झाल्यावर आम्ही पुन्हा त्याच्या कागदाकडे आलो. मी त्याला सीसीवर बोट ठेवून ते झाकायला सांगितले आणि उरलेले वाचायला लावले. लहान इंजिनाची मोटार २०० अश्वशक्ती, वजन १२६० किलो. मोठ्या इंजिनाची २५० अश्वशक्ती, वजन १४१०. मोठे इंजिन स्वतः जड, शिवाय तिच्या चारही चाकांना ताकद पोचवणारी जोडणी. त्याने भागाकार केला. टनामागे पहिलीत १५९ अश्वशक्ती, दुसरीत १७७. म्हणजे सीसी साठ टक्क्यांनी जास्त, अश्वशक्ती पंचवीस टक्क्यांनी, आणि ज्याने मोटार पुढे झेपावते ते गुणोत्तर जेमतेम अकरा टक्क्यांनी. जड इंजिन नाकावर बसले की वळणावर मोटार सरळ जाऊ पाहते, तेही आहे. गोव्यात सॅन कंपनीने १९९८ मध्ये ‘स्टॉर्म’ नावाची दोन माणसांची उघडी मोटार काढली होती. इंजिन रेनोचे ११४९ सीसी, साठ अश्वशक्ती, पण अंग फायबरचे आणि हलके. त्यामुळे तेवढ्यात भागले.

मात्र दुसरी बाजूही मी त्याला सांगितली. टर्बोचा पंखा मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेतो, आणि त्याचा सगळा भरवसा स्वच्छ तेलावर असतो. आधीच्या मालकाने तेल वेळेवर बदलले नसेल, किंवा भरधाव येऊन इंजिन झटकन बंद करायची त्याला सवय असेल, तर ते बाहेरून दिसत नाही. मोठे, बिनटर्बोचे इंजिन आपल्या क्षमतेच्या बरेच आत चालते. हेळसांड ते जास्त सोसते. नवी मोटार घेताना मी त्याला डोळे मिटून लहान इंजिन घे म्हटले असते. जुनी घेताना तसे म्हणवत नाही.

त्याने वजनाच्या आकड्यांखाली रेघ मारली. मग थोडा वेळ गप्प राहून विचारले, ‘‘सर, टर्बो बदलायला किती लागतात?’’ हे मला ठाऊक नव्हते. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याला ओळखीच्या मेकॅनिककडे पाठवले, आणि जाताना सर्व्हिसची वही पाहिल्याशिवाय विसार देऊ नकोस म्हणून बजावले.